विंग्जचा डबा : प्रकल्प नोंदी, लालबाग

१८ जून २०२५, बुधवार

रात्री जेवताना भावजींनी विषय काढला. ते ज्या जिममध्ये ट्रेनर आहेत तिथल्या अकरा जणांना आठवड्यातून दोनदा संध्याकाळचा डबा हवाय. डबे मी चार वर्षं देतेय, पण ते पोळी-भाजी-आमटीचे. हे गिऱ्हाईक वेगळं. माणसं अकरा आणि डाएटं आठ. भावजींनी मोबाइलवरून यादी वाचली : तिघे कीटोवर (कर्बोदकं जवळजवळ बंद, चरबी भरपूर), दोघे सोळा-आठवर (सोळा तास उपाशी, आठ तासांत काय ते खायचं), एक दीक्षितवाला (दिवसातून दोनदाच जेवणारा), एकाला ग्लूटेन (गव्हातलं प्रोटीन) चालत नाही, एक पॅलिओ (धान्य, डाळ, दूध बंद), एक बीपीवाले काका ज्यांना डॉक्टरांनी डॅश (कमी मिठाचं डाएट) सांगितलंय, एक निवृत्त बँक अधिकारी ज्यांच्या मुलीनं परदेशातून फोन करून मेडिटरेनियन (भाज्या, कडधान्यं, ऑलिव्ह तेल जास्त) सुरू करायला लावलंय. उरला एक. "त्याला फक्त प्रोटीन पाहिजे वहिनी, बाकी तो काही विचारत नाही."

"एकच पदार्थ काढा, सगळ्यांना चालेल असा. चिकन ब्रेस्ट नको, कंटाळलेत. विंग्ज करा, कोंबडीचे पंख."

नीट विचार न करता हो म्हणून बसले. श्रावण २५ जुलैला लागतोय, म्हणजे हातात महिनाभर. घरात सोमवार, गुरुवार, शनिवार मांसाहार होत नाही. उरलेल्या दिवसांतून एकादशी वजा. प्रयोगाला फार दिवस नाहीत, म्हणून वही घातली.

२० जून, शुक्रवार

सकाळी चिकनच्या दुकानात. चाचांना म्हटलं, एक किलो विंग्ज द्या. त्यांनी दिले ते गुलाबी, गुळगुळीत, कातडी काढलेले. म्हटलं, कातडीसकट हवेत. चाचा माझ्याकडे बघत राहिले. "चमडी के साथ? वो तो हॉटेलवाले एक दिन पहले बोलके रखते हैं."

सगळं गणित इथेच बदलतं हे घरी येईपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. भावजींनी पाठवलेले कॅलरी-चरबीचे सगळे तक्ते कातडीसकट विंग धरून केलेले आहेत, कारण अमेरिकेत विंग म्हटलं की कातडी आलीच. आपल्याकडे दुकानदार कोंबडी कापतो आणि पिसं-कातडी एकदम ओढून काढतो. पिसं उपटत बसण्यापेक्षा ते पटकन होतं, आणि गिऱ्हाइकालाही तसंच हवं असतं. म्हणजे लालबागच्या दुकानातला विंग आणि तक्त्यातला विंग हे दोन वेगळे पदार्थ आहेत. कच्च्या मांसाच्या शंभर ग्रॅमला कातडीसकट चरबी साधारण १३ ते १६ ग्रॅम, कातडी काढली की साडेतीनच्या आसपास. कॅलरी दोनशेच्या घरातून सव्वाशेवर येतात. नाव एकच, आणि चरबीत चौपट फरक.

आईंना (सासूबाईंना) सांगितलं तर त्या हसल्या. "ही मुंबयची तऱ्हा गो. गावाक कोंबो उकळत्या पाण्यात घालून पिसां काढतत, मगे जाळार धरतत. साल खंय जातली?"

उद्यासाठी नाही, उद्या योगिनी एकादशी आणि वर शनिवार. चाचांना रविवारचे दोन्ही प्रकार सांगून आले, पंधरा-पंधरा नग.

२२ जून, रविवार

वजनकाट्याचा दिवस. आपल्या ब्रॉयलरचा विंग लहान असतो. पंधरा नग कातडीसकट, टोकासकट, बरोबर १ किलो ५ ग्रॅम भरले.

आधी उरलेली बारीक पिसं. चिमट्यानं उपटायला बसले होते, आईंनी हातातून घेतले आणि एकेक विंग गॅसच्या ज्योतीवरून फिरवला. दहा मिनिटांत काम झालं. केस जळाल्याचा वास मात्र बाहेर गॅलरीपर्यंत गेला.

ओव्हनमध्ये भाजले, मग आम्ही चौघांनी बसून खाल्ले आणि हाडं परत काट्यावर ठेवली. एक किलो कच्चे, भाजून ६९० ग्रॅम, त्यातली हाडं-कुर्च्या ३०५. पोटात गेलं ते ३८५ ग्रॅम. म्हणजे एका विंगमध्ये खाण्यासारखं जेमतेम पंचवीस ग्रॅम. डबेवालीच्या दृष्टीनं ही वाईट बातमी आहे, पैसे किलोचे मोजायचे आणि गिऱ्हाइकाला द्यायचं चारशे ग्रॅमपेक्षा कमी. डाएटवाल्याच्या दृष्टीनंही घोळ आहे, कारण भावजींची पोरं ॲपमध्ये 'विंग्ज ३०० ग्रॅम' लिहितात ते हाडांसकट की हाडांशिवाय हे त्यांनाच ठाऊक नाही.

माझा हिशेब, सहा नगांचा, नुसते मीठ-मिरी लावून भाजलेले :

कातडीसकट : ४३० कॅलरी, प्रोटीन ३९ ग्रॅम, चरबी २९ ग्रॅम, कर्बोदकं शून्य.
कातडीविना : १८० कॅलरी, प्रोटीन २८ ग्रॅम, चरबी ७ ग्रॅम, कर्बोदकं शून्य.

दोन्हीकडे शेवटचा आकडा शून्य. कीटोवाल्यांना दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅम कर्बोदकांची मुभा असते, त्यामुळे ते शून्यावरच खूश होतात. पण कीटोत नुसती कर्बोदकं कमी करून भागत नाही, ताकद चरबीतून यावी लागते, सत्तर टक्के किंवा जास्त. कातडीसकट विंगमध्ये साठ टक्के कॅलरी चरबीच्या आहेत, वर दोन मोठे चमचे लोणी टाकलं की जमलं. कातडीविना विंगमध्ये पस्तीस. दुकानातून साधे विंग्ज आणून कीटो करतोय म्हणणारा माणूस प्रत्यक्षात दुसरंच काहीतरी करत असतो.

(कीटो मुळात बारीक होण्यासाठी नव्हतंच. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी ते फिट येणाऱ्या रुग्णांसाठी मांडलं. भावजींना सांगितलं, ते म्हणाले, "वहिनी, हे पोरांना नका सांगू.")

प्रोटीनवाल्याचं उलटं. कातडीतलं प्रोटीन बरंचसं कोलॅजेन असतं आणि कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचं आवश्यक अमिनो आम्ल नसतं. त्याला कातडीविना आठ नग दिलेले बरे. त्याला रोज वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम प्रोटीन हवंय. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगते. मी वाद घातला नाही, आठ नगांचे पैसे लावले.

२४ जून, मंगळवार

आज लॉलीपॉप करून बघितले. डब्यासाठी नाही, वैरी ओळखून ठेवावा म्हणून.

मुंबईकर विंग खात नाही असं कोणी म्हणू नये. नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर हाडाला चंदेरी कागद गुंडाळून जे लाल लॉलीपॉप मिळतं तो विंगच असतो. वरच्या तुकड्याचं मांस सुरीनं सोडवून एका टोकाला ढकलतात, मधल्या तुकड्यातलं एक हाड काढून त्याचंही तेच करतात. कातडी नसतेच. आणि कातडी नाही म्हणून कुरकुरीतपणा येणार कुठून, तर मैदा, कॉर्नफ्लॉवर, अंडं, लाल रंग आणि तेल. दुकानात जे फुकट सोलून टाकलं त्याच्या बदल्यात आपण पिठाची नवी कातडी शिवतो.

काट्यावर : मैदा ६०, कॉर्नफ्लॉवर ६० ग्रॅम. पंधरा नगांना लावून भांड्यात राहिलेलं वजा केलं. एका नगाला साडेपाच ग्रॅमच्या वर कर्बोदकं, सहा नगांना चौतीस. कढईचं तेल आधी आणि नंतर मोजलं, ६२ ग्रॅम गायब. वर शेजवान चटणी, तिच्यात साखर.

सहा लॉलीपॉपमध्ये कीटोवाल्याचा अख्ख्या दिवसाचा कोटा संपला. पॅलिओवाल्याला मैदा आणि कॉर्नफ्लॉवर दोन्ही बाद, धान्यच नको त्याला. ग्लूटेनवाल्याला मैदा म्हणजे विषच. या सगळ्यांना चिकन चालतं.

लॉलीपॉप छान झाले होते, हेही नोंदवायला हवं. एक उरलं नाही.

२७ जून, शुक्रवार

ओव्हन २२० अंशांवर. विंग्जना मीठ आणि किलोला दोन चमचे बेकिंग पावडर. युक्ती अशी की बेकिंग पावडर कातडीचा आम्लपणा कमी करते, त्यामुळे रंग लवकर चढतो आणि कातडी फुलून कुरकुरीत होते. पिठाची गरजच उरत नाही. बेकिंग सोडा घालायचा नाही, साबणासारखी चव येते. मी एकदा घातला, म्हणून ठाम सांगते.

विसाव्या मिनिटाला धूर. कातडीखालची चरबी वितळून खालच्या ट्रेवर पडत होती आणि तापलेल्या पत्र्यावर जळत होती. एक्झॉस्ट लावला तर सगळा धूर गॅलरीत. वरच्या मजल्यावरचे काका माळकरी आहेत, पंढरीच्या वारीची तयारी चाललीय. ते खाली आले, काही बोलले नाहीत, खिडकीशी उभे राहिले. "काका, माफ करा," म्हटलं. "अगं, धूर दिसला म्हणून आलो. आग नाही ना?" एवढंच बोलून गेले. त्या दिवशी आणखी बॅच लावायची हिंमत झाली नाही.

२९ जून, रविवार

धुरावर उपाय : खालच्या ट्रेमध्ये दोन वाट्या पाणी, वर जाळी, जाळीवर विंग्ज. चरबी पाण्यात पडते. आधी १३० अंशांवर अर्धा तास, मग २२० वर पाऊण तास. वितळलेली चरबी गाळून ६५ ग्रॅम भरली. आईंनी बरणीत भरून ठेवली, बटाट्याच्या काचऱ्यांना.

थर्मामीटर आणलाय. चिकन आतून ७४ अंशांवर गेलं की खायला सुरक्षित. पण विंग ७४ ला काढला तर हाडाजवळ रबरासारखा लागतो. तो ८५-९० पर्यंत न्यावा लागतो, तेव्हा सांध्यांतलं कोलॅजेन विरघळून मांस हाडाला सोडतं. ब्रेस्टला एवढं तापवलं तर लाकूड होतं. विंगचं हे बरं आहे, जरा विसरलं तरी माफ करतो.

कातडीविना विंग मात्र माफ करत नाही. आज तोही ओव्हनमध्ये टाकला होता, सुतळीसारखा झाला. त्याला घट्ट दह्यात रात्रभर ठेवून तव्यावर झाकण घालून करायचा, शेवटी जाळीवर दोन मिनिटं. म्हणजे एका पदार्थाचे दोन पदार्थ झाले. 'एकच पदार्थ काढा' म्हणणाऱ्या भावजींना कळवलं.

दुपारी त्यांनी 'बफेलो विंग्ज' असा बोर्ड करायचं काढलं. लोणी आणि तिखट सॉस, पिठाशिवाय, कीटोला एकदम फिट. आईंनी नाव ऐकलं आणि विचारलं, "म्हशीक पंख कधी फुटले?" समजावलं की बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातलं गाव, तिथल्या अँकर बारमध्ये १९६४ साली टेरेसा बेलिसिमो या बाईंनी केले असं सांगतात. तोवर विंग तिकडे सूपच्या भांड्यात जायचा. आईंना पटलं, पण डब्यावर 'बफेलो' वाचून चाळीत किती जणांना समजावत बसू? बोर्ड रद्द. डब्यावर 'लोणी-तिखट विंग्ज' लिहायचं.

१ जुलै, मंगळवार

मिठाचा दिवस. यातून मी सगळ्यात जास्त शिकले.

बीपीवाल्या काकांचा कागद भावजींनी आणून दिला. डॅशमध्ये सोडियम (मिठातून पोटात जातं ते) दिवसाला २३०० मिलिग्रॅमच्या आत, आणि काकांच्या डॉक्टरांनी १५०० वर गोल केलाय. जागतिक आरोग्य संघटना आणि आपली पोषण संस्था दोघीही दिवसाला पाच ग्रॅम मीठ म्हणतात, म्हणजे चमचाभर, म्हणजे सोडियम साधारण २०००.

आता माझे 'सगळ्यांना आवडलेले' रविवारचे विंग्ज. पंधरा नगांना मीठ दीड चमचा : ३५०० च्या घरात. सोया सॉस दोन मोठे चमचे : १८००. बेकिंग पावडर दोन चमचे : ९०० च्या आसपास. बेरीज ६२००. सहा नगांच्या वाट्याला २५०० च्या जवळ. काकांचा दीड दिवसाहून जास्त कोटा एका डब्यात, आणि वर आमटी-कोशिंबीर आहेच. मी तेच विंग्ज 'पीठ नाही, तेल नाही, एकदम हेल्दी' म्हणून काकांना पाठवणार होते.

बेकिंग पावडरमध्ये सोडियम असतं हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. ती खारट लागत नाही ना.

दुसरी बॅच : मीठ अर्धा चमचा, सोया बंद, बेकिंग पावडर बंद. आगळ घालणार होते, हात थांबला, आगळात मीठ असतं. मग लिंबू, मिरी, भरपूर आलं-लसूण आणि मिरची गल्लीतून मे महिन्यात कुटून आणलेला मालवणी मसाला, त्यात मीठ नसतं. काका चरबीही जपतात म्हणून कातडीविना. सहा नगांना सहाशेच्या आसपास. चव? तिखट जास्त लागतं, मीठ कमी आहे हे पहिल्या घासाला कळतं आणि तिसऱ्याला विसरतं. आईंनाही बीपी आहे. त्यांनी दोन खाल्ले आणि वाटीतलं मीठ मागितलं. दिलं नाही.

४ जुलै, शुक्रवार

काल नाही, परवा पहिला डबा गेला, अकरापैकी सात जणांना. आज ग्लूटेनवाल्या मुलाचा मेसेज : रात्रीपासून पोट बिघडलंय, काहीतरी गेलंय.

त्याला सीलिअॅक आहे, ग्लूटेननं आतड्याला इजा होणारा आजार, हौसेचं डाएट नाही. माझ्या पोटात गोळा आला. सोया सॉसमध्ये गहू असतो हे मला ठाऊक होतं, त्याच्या विंग्जना लावलाच नव्हता. भांडी वेगळी, चिमटा वेगळा. मसाला घरचा. मग काय? भावजी आणि मी ओट्यावरचा एकेक डबा उलटा करून बघत होतो. शेवटी हिंगाची डबी. बारीक अक्षरात : गव्हाचं पीठ. कोशिंबिरीच्या फोडणीत चिमूटभर हिंग गेला होता. बाजारातला बहुतेक हिंग पिठात बांधलेला असतो. बावीस वर्षं मी तो हिंग वापरतेय.

त्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, निदान कारण सांगितलंत. बाहेर कोणी सांगत नाही." यापुढे त्याच्या डब्यातलं काहीही, अगदी लोणच्याची फोडसुद्धा, मी वाचल्याशिवाय जाणार नाही.

पॅलिओवाला त्या मानानं सोपा. धान्य नको, डाळ नको, दूध-दही-लोणी नको. कातडीसकट विंग, खोबरेल तेल, आपलंच वाटण. कोकणातल्या माणसाला पॅलिओ करायला फारसं सोडावं लागत नाही, भात सोडला तर. भात सोडणं हेच अवघड.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

ओव्हन बंद. एक कीटोवाला सकाळी फोनवर : "ताई, आईनं उपास धरायला लावलाय, काय खाऊ?" बरोबर अडलाय बिचारा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर बटाटा, वर रताळं. उपासाच्या एका ताटात त्याचे दोन-तीन दिवस निघून जातील. त्याला दाणे, ओलं खोबरं आणि दही सांगितलं. म्हणाला, "एवढंच?" म्हटलं, उपासच आहे ना.

वरच्या मजल्यावरच्या काकांच्या घरून खिचडीची वाटी आली. मी खाल्ली.

९ जुलै, बुधवार

दीक्षितवाल्याचा प्रश्न काय खायचं हा नाहीच. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीत दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं. बाहेर तोंडात काही टाकायचं नाही. त्यानं घड्याळ लावून सहा विंग्ज खाल्ले : बावीस मिनिटं. "ताई, हाडं चोखण्यात वेळ जातो, पण पोट भरल्यासारखं वाटतं. ब्रेस्ट पाच मिनिटांत संपतं." हे मला पटलं. हाताला काम देणारं जेवण हळू होतं.

पण विंगची मुंबईतली वेळ कोणती? रात्री दहा, मित्र, बाटली, मध्ये ताट. चखणा. दीक्षितवाल्याला ते तिसरं जेवण, सोळा-आठवाल्याला खायच्या आठ तासांची खिडकी बंद झाल्यावरचं. बरं, खापर फुटतं ते विंगवर. साडेसहाशे मिलीच्या बिअरच्या बाटलीत वीस-एक ग्रॅम कर्बोदकं असतात, ती ॲपमध्ये कोणी लिहीत नाही. सोळा-आठवाल्या दोघांना डबा सात वाजता पोचवायचा ठरलंय, साडेसातला त्यांची खिडकी मिटते.

माझी अडचण निराळी. भावजी स्वतः सोळा-आठवर आहेत, दुपारी एकपर्यंत चव घ्यायला नकार देतात. मग चव आई बघतात, आणि आईंना सगळंच अळणी वाटतं.

११ जुलै, शुक्रवार

बँकवाल्या साहेबांचा डबा. मेडिटरेनियनमध्ये कोंबडी चालते, पण बेतानं, आणि ताटाचा नायक ती नसते. तीन विंग्ज, कातडीविना, आणि बाजूला काकडी-टोमॅटो-कांदा, वाटीभर उकडलेले छोले, लिंबू, ऑलिव्ह तेल. ऑलिव्ह तेलाची बाटली त्यांनीच पाठवली. साहेबांचा निरोप : "कन्येस फोटो पाठविला आहे. विंग्ज पाच केल्यास हरकत नाही." केले नाहीत.

एका नव्या माणसानं विचारलं, युरिक अॅसिड वाढलंय, चालेल का? एकीला किडनीचा त्रास. दोघांना डॉक्टरांना विचारून या म्हटलं. मी अन्नाची नोंदणी काढलेली डबेवाली आहे. भावजींना वाटलं मी गिऱ्हाईक घालवते. घालवते.

१५ जुलै, मंगळवार

काल सोमवार आणि संकष्टी एकत्र, त्यामुळे सगळीकडे सामसूम. आज भावजींबरोबर बसून गेल्या दोन आठवड्यांचा हिशेब काढला. अकरा जणांचे वार विचारले. दोघे मंगळवार पाळतात, सहा गुरुवार, चौघे शनिवार, सात सोमवार. त्यात कीटोवालेही आले. तिन्ही कीटोवाले आठवड्यातले दोन-दोन दिवस पनीर आणि अंड्यावर असतात, त्यातला एक अंडंही खात नाही. सगळ्यांना विंग्ज चालतील असे वार उरले तीन, बुधवार, शुक्रवार, रविवार. हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कडक डाएट, कुठल्याही ॲपमध्ये नाही, पण लालबागमध्ये माझा मेनू तेच ठरवतं.

आणखी एक : केचप. प्रोटीनवाला विंग्जबरोबर घरचं केचप ओततो. त्यात जवळजवळ पावभाग साखर असते. मी त्याला ताकातली पुदिना-मिरची चटणी देऊन बघितली. "हेही बरंय." एवढंच बोलला, तोही पहिल्यांदा.

२३ जुलै, बुधवार

यंदा आषाढ अमावास्या, म्हणजे गटारी, उद्या गुरुवारी आलीय. गुरुवार पाळणाऱ्यांनी ती आजच उरकली. चाचांकडे सकाळी सहाला रांग, पोलीस चौकीपर्यंत. मी परवाच सांगून ठेवलं होतं म्हणून दहा किलो मिळाले, सहा कातडीसकट, चार कातडीविना. चाचांनी स्वतः पिसं जाळून दिली होती. "मॅडम, अब और लोग भी चमडीवाला माँग रहे हैं. आपने क्या कर दिया?"

चौतीस डबे. अकरा ठरलेले, बाकी जिममधल्या ओळखीचे, ज्यांचं डाएट आज सुट्टीवर होतं. त्यांना लोणी-तिखट. ओव्हन चार तास चालू, पाणी तीनदा बदललं, धूर नाही. काका वारीहून आलेत, जिन्यात भेटले, नाकाला रुमाल लावून हसले.

बीपीवाल्या काकांनी फोन करून आज एक दिवस सोया घालायला सांगितलं. घातला नाही, मिरी वाढवली. ग्लूटेनवाल्याचा डबा सगळ्यात आधी भरला, ओटा कोरडा असताना.

 विंगची टोकं आधीच वेगळी काढली होती. आईंनी ती मोठ्या पातेल्यात आल्याबरोबर उकळत ठेवली. रात्री अकराला आम्ही तिघांनी वाटीवाटीनं तेच सूप प्यायलं. विंग एकही उरला नव्हता.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. जिवतीचा कागद भिंतीला लावला. ओव्हनच्या ट्रे सोडा आणि गरम पाण्यात भिजत ठेवल्यात, कोपऱ्यातला तपकिरी थर अजून निघत नाही. डबे परत पोळी-भाजीचे, कीटोवाल्या दोघांना पनीर, तिसरा म्हणतो महिनाभर बंद.

भावजींचा मेसेज : पुढची विंग्जची तारीख सांगा, पोरं विचारतात. कालनिर्णय काढलं. श्रावण २३ ऑगस्टला संपतो. २७ ला गणपती. आमचा गौरींबरोबर जातो, २ सप्टेंबरला. ३ ला एकादशी. ४ ला गुरुवार. ५ ला शुक्रवार, मोकळा. ६ ला अनंत चतुर्दशी आणि शनिवार, पुढे लगेच पितृपक्ष. पेन्सिलीनं ५ भोवती गोल केला आणि मग खालचं बारीक अक्षर वाचलं : ईद-ए-मिलाद. चाचांचं दुकान त्या दिवशी उघडं असेल का, ते आधी विचारायला हवं.